हुम्लाच्या मुलीची वही: काठमांडूच्या बालगृहात घालवलेला एक दिवस

नोव्हेंबर २०१८ची गोष्ट आहे. दिवाळीची सुट्टी होती, आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या नाशिक जिल्ह्यातल्या झेडपीच्या शिक्षिका, पोखऱ्याकडे ट्रेकला निघालो होतो आणि काठमांडूत दोन दिवस मोकळे होते. ठमेल ह्या काठमांडूतल्या पर्यटकांच्या भागातल्या एजन्सीवाल्याने परमिटचे फॉर्म भरता भरता विचारलं, एक दिवस बालगृहात व्हॉलंटिअरिंग करणार का, मुलांना बरं वाटतं, तुम्हालाही बरं वाटेल. माणशी तीन हजार, आणि लगेच पुढचा प्रश्न, आयसी की नेपाळी? तिकडे आपल्या रुपयाला आयसी म्हणतात. नेपाळी तीन हजार म्हणजे आपले १८७५, एकास १.६ हा भाव ठरलेलाच आहे. आम्ही तिथल्या तिथे हो म्हटलं, शिक्षिकाच आहोत, एक दिवस मुलांबरोबर घालवायचा यात विचार कसला करायचा असं वाटलं.

हे सगळं आता सविस्तर लिहायचं कारण म्हणजे दर सुट्टीत ओळखीतलं कोणीतरी फोन करतं. मुलगी बारावी झालीय, परदेशी ॲडमिशनला अनुभव दाखवावा लागतो, नेपाळला नाहीतर कंबोडियाला एखाद्या अनाथाश्रमात महिनाभर पाठवू का, तू जाऊन आलीस ना? हो, जाऊन आले. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

शनिवार होता. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते त्यामुळे सगळी मुलं होमवरच होती. रिंगरोडच्या बाहेर, ललितपूरच्या बाजूला, भाड्याचा तीन मजली बंगला, गेटवर पाटी. पाटी देवनागरीत, शब्द आपलाच, बालगृह. हे सांगतेय कारण पुढे जे कळलं ते ही लिपी वाचता येत होती म्हणूनच कळलं. आमच्याबरोबर युरोपातून आलेले दोघं तरुण होते, ते तीन आठवड्यांपासून तिथे येत होते, मनाने फार चांगले होते, पण त्यांना पाटी वाचता येत नव्हती, मुलांची वही वाचता येत नव्हती आणि मुलं आपापसात काय बोलतात ते कळत नव्हतं. आम्हाला निम्मंअर्धं का होईना कळत होतं.

तेवीस मुलं, चार ते पंधरा वयाची, पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभी. नमस्ते, मग स्वागतगीत, मग आमच्या गळ्यात सयपत्रीच्या माळा, सयपत्री म्हणजे झेंडू. मुलं गाणं म्हणताना कुठेही अडखळत नव्हती. मी वर्षानुवर्षं पंधरा ऑगस्टची तयारी करून घेतलीय, सहा वर्षांच्या मुलाकडून इतकं न चुकता गाणं बसवायला किती दिवस लागतात ते मला माहितीय, आणि ह्या मुलांना ते इतकं पाठ होतं म्हणजे त्यांनी ते किती जणांसमोर म्हटलं असेल, हा विचार तेव्हाच मनात आला होता पण मी तो बाजूला सारला.

दहा मिनिटात एक साडेचार-पाच वर्षांचा मुलगा येऊन माझ्या मांडीवर बसला. नाव विचारलं नाही, काही नाही, आला, गळ्यात हात टाकले आणि गालाला गाल लावून बसून राहिला. बरोबरच्या तरुणाने हसून फोटो काढला, म्हणाला बघा किती प्रेमळ मुलं आहेत. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण आमच्या शाळेला लागूनच अंगणवाडी आहे, तिथे ह्याच वयाचं पोर नवीन माणूस दिसला की आधी आईच्या पदरामागे जातं, तिथून एका डोळ्याने बघतं, अर्ध्या तासाने बिस्कीट घ्यायला हात पुढे करतं. त्या वयाच्या मुलाने असंच वागायचं असतं. कोणी आपलं आहे म्हणून तर बाकीचे परके वाटतात. ह्या मुलाला परकं कोणी वाटतच नव्हतं, मी उठले तर तो सरळ पुढच्या मांडीवर जाऊन बसला, तसेच हात टाकून.

ह्याचा अभ्यास झालेला आहे हे मला परत आल्यावर वाचताना कळलं. रुमानियात, बुखारेस्टमध्ये, संस्थांमधल्या १३६ लहान मुलांवर २००० सालानंतर एक मोठं संशोधन झालं, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना ह्या तिघांचं. निम्मी मुलं पालक-कुटुंबात, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या घरात पाठवली, निम्मी होती तशी संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीने, बोलण्याने, जवळीक जोडण्याच्या बाबतीत पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली तर बऱ्याच बाबतीत जास्त. अनोळखी माणसाच्या बरोबर सहज चालू लागणं, कोणालाही बिलगणं हे संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये ठळक दिसतं हेही त्या आणि आधीच्या अभ्यासांत नोंदवलंय. मी ज्याला प्रेमळपणा समजले आणि फोटो काढून घेतला ते त्या मुलाचं दुखणं होतं. आणि आमच्यासारखे रोज नवे लोक येऊन, मांडीवर घेऊन, संध्याकाळी निघून जाऊन ते वाढवत होतो.

दुपारी दालभात. वाढायचं काम आमच्याकडे दिलं होतं, मुलं शिस्तीत ओळीने बसली. जेवण साधं आणि पुरेसं होतं, उगाच वाईट सांगणार नाही. हॉलमध्ये काचेच्या कपाटात सॉफ्ट टॉय गच्च भरलेली, कित्येकांची प्लास्टिकची पिशवीही काढलेली नव्हती, आणि मुलांच्या पायात नोव्हेंबरच्या थंडीत रबरी चपला, टाचा फुटलेल्या. भिंतीवर प्रत्येक मुलाचा लॅमिनेट केलेला कागद, फोटो, वय, इयत्ता, आवडता रंग, आणि खाली इंग्रजीत एक ओळ, बोथ पॅरेंट्स एक्सपायर्ड. जवळजवळ सगळ्यांच्या खाली तीच ओळ.

जेवणानंतर चौथीतली एक मुलगी वही घेऊन आली. दिदी, हेर्नुस् न, म्हणजे बघा ना. मी शिक्षिका आहे हे तिला कुठूनतरी कळलं असणार. नेपाळीची वही होती, अक्षर गोल, टपोरं, आणि निबंधाचं नाव मेरो परिवार. मेरो परिवारमा पाँच जना छन्। हजुरआमा, बुवा, आमा, म र भाइ। म्हणजे घरात पाच जण, आजी, बाबा, आई, मी आणि भाऊ. पुढे मेरो घर हुम्लामा छ, हुम्ला हा लांबचा डोंगराळ जिल्हा, आणि पुढे हाम्रो घरमा भेडाहरू छन्। भेडा म्हणजे मेंढ्या, हे कोणी सांगायची गरज पडली नाही. शाळेच्या बाईंनी लाल पेनने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं होतं, खाली बरोबरची खूण होती, तारीख विक्रम संवतातली, २०७५.

मी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. तिचाच फोटो, तिचंच नाव, खाली तीच ओळ.

आमा कहाँ, एवढंच जमलं मला. ती म्हणाली, घरमा. असं सांगितलं जसं कोणतंही मूल सांगेल. दशैंला घरी गेली होतीस का, हे मी हिंदी-मराठी-नेपाळी मिसळून विचारलं, दशैं-तिहार म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, ते होऊन काही दिवसच झाले होते. तिने मान हलवली, नाही. वही मिटली आणि पळाली.

बालगृह चालवणाऱ्यांना मी सरळ विचारलं. ते शांतपणे म्हणाले, मॅडम, मुलं पुस्तकात असतं तेच उतरवतात, सगळ्यांच्याच निबंधात आईबाबा असतात. हे मला पटण्यासारखं होतं, कारण माझे कुटुंब ह्या निबंधाच्या चाळीस वह्या तपासल्या तर पस्तीस सारख्या निघतात हे मी रोज बघते. पण गाईडमधल्या घरात मेंढ्या नसतात आणि ते घर हुम्लात नसतं. गाईडमधलं उतरवलेलं कुठलं आणि मुलाच्या डोक्यातून आलेलं कुठलं हे ओळखण्यावर माझी नोकरी चालते.

त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही. ग्रुप फोटो काढला, आणलेल्या वह्या-पेन्सिली दिल्या, तांदळाच्या दोन कट्ट्यांचे पैसे दिले, पावती मिळाली नाही, मागितलीही नाही, आणि मायक्रोबसने ठमेलला परत आलो. मैत्रिणीने संध्याकाळी फोटो फेसबुकवर टाकला, मुलांचे चेहरे स्पष्ट दिसत होते, अभिनंदनाच्या कमेंट येत राहिल्या.

रात्री आमच्यातच वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, अगं असतील आईवडील, पण इथे दोन वेळचं जेवण आहे, इंग्रजी शाळा आहे, हुम्लात काय होतं तिला? हा प्रश्न खोटा नाही. हुम्ला कर्णाली प्रदेशात, पार तिबेटच्या सीमेला, जिल्ह्याचं ठिकाण सिमीकोट, तिथे तेव्हा देशातला मोटारीचा रस्ता पोचलेला नव्हता, नेपाळगंजहून छोट्या विमानाने जायचं नाहीतर दिवसेंदिवस चालायचं. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं तेव्हा डोंगरातल्या आईबापांना भीती होती की मूल ओढून नेतील, त्यात दलाल यायचे, काठमांडूत शिकवतो, होस्टेलवर ठेवतो म्हणायचे, आईबाप जमीन-जनावर विकून त्यांना पैसे द्यायचे. शहरात आल्यावर त्याच मुलांची कागदपत्रं आईवडील वारले अशी बनायची. अनाथ मुलाच्या नावाने देणगी येते, होस्टेलच्या मुलाच्या नावाने येत नाही. युद्ध संपलं तरी ही वाट चालू राहिली. ह्या मुलांना कागदी अनाथ म्हणतात.

मी तिला आमच्याच भागातलं उदाहरण दिलं. सुरगाणा, पेठची मुलं आश्रमशाळेत राहतात, तीही घरापासून लांब, तिथल्या अडचणीही आम्हाला माहीत आहेत. पण रजिस्टरवर आईबापाचं नाव असतं, बाजाराच्या दिवशी बाप भेटायला येतो, दिवाळीला मूल घरी जातं. शिकायला लांब ठेवणं वेगळं आणि आईबाप मेले असं लिहून ठेवणं वेगळं. हुम्लातल्या आईला मुलीची शाळा हवी होती, मुलगी देऊन टाकायची नव्हती.

सकाळी हॉटेलमधून मी १०९८ला फोन लावला. नेपाळची चाइल्ड हेल्पलाइन १०९८, आपल्याकडेही तोच नंबर, म्हणून तर आठवला. पलीकडच्या ताई हिंदीत बोलल्या, होम कुठे आहे, मुलं किती, कोणी आजारी किंवा मारल्याच्या खुणा असलेलं दिसलं का, मुलीचं नाव, गावाचं नाव. गावाचं नाव मला सांगता आलं नाही, वहीत पुढच्या ओळीत होतं पण मी जिल्ह्याच्या पुढे वाचलंच नव्हतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि दोन गोष्टी बजावल्या, परत तिथे जाऊन मुलीला काही विचारू नका, आणि फोटो काढून टाका. मैत्रिणीने पोस्ट लगेच काढली.

आता ह्या प्रकरणात नेमकं काय चुकलं ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आम्हाला आत घेताना कोणी काहीच विचारलं नाही. ओळखपत्र नाही, शाळेचं पत्र नाही, पोलीस व्हेरिफिकेशन तर लांबच. आमच्या झेडपीच्या शाळेत रस्त्यावरचा माणूस येऊन म्हणाला की मला दिवसभर पोरांना मांडीवर घेऊन बसायचंय तर गावकरी त्याला गावाबाहेर काढतील. मग दुसऱ्या देशातल्या गरीब मुलांच्या बाबतीत ते आपल्याला चालतं कसं? तीन हजार भरले की गेट उघडतं, म्हणजे ते कोणालाही उघडतं, आणि कोणालाही ह्यात वाईट हेतूचा माणूसही आला. आम्हाला भारतीय म्हणून व्हिसाच लागला नाही, पण त्या दोघा तरुणांचा टुरिस्ट व्हिसा होता आणि त्या व्हिसावर नेपाळात काम करता येत नाही, बिनपगारी सुद्धा. एजन्सीने त्यांना हे सांगितलेलं नव्हतं.

दुसरं पैशाचं. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की म्हणजे पोखरा, आणि चितवन ह्या पाच जिल्ह्यांत आहेत. अनाथ मुलं काय ह्याच पाच जिल्ह्यांत जन्मतात? हे पाच जिल्हे पर्यटकांचे आहेत. ह्या कामातले लोक सांगतात की तिथल्या बालगृहांतल्या साधारण ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी जिवंत असतात. एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर मुलांना उचलून शहरात आणलं जाईल ही धास्ती इतकी खरी होती की सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि नवी बालगृहं थांबवली. आम्ही गेलो त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०१८मध्ये, नेपाळचा नवा बालबालिका कायदा आला होता, त्यात बालगृह हा शेवटचा पर्याय, आधी नातेवाईक, मग पालक-कुटुंब असा क्रम आहे. पण आमच्यासारखे लोक पैसे देऊन जात राहिले तर होमला मुलं लागणार, आणि मुलं लागली की कोणीतरी डोंगरात आणायला जाणार.

चांगल्या हेतूचे, शिकलेले लोकही यात फसतात. केट व्हॅन डूर ह्या ऑस्ट्रेलियन वकील बाई आहेत, त्यांच्या संस्थेने नेपाळात मुलींचं होम चालवलं आणि मग लक्षात आलं की मुलींना घरं आहेत, आईवडील आहेत. तेव्हा त्यांनी मुलींना घरी पोचवण्याचं काम हातात घेतलं आणि कायद्याच्या बाजूने हा विषय लावून धरला. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७च्या अहवालात अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामगिरीत धरली, आणि डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमातल्या व्हॉलंटिअरिंगच्या धोक्याचा उल्लेख आला. कंबोडियात तर २०११पासूनच मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत अशी मोहीम चालू झाली होती.

खरंच कोणी नसलेली मुलं असतात, आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं झिजणारी माणसंही आहेत, नेपाळात आहेत, आपल्याकडे आहेत. पण असं होम तुम्हाला एका दिवसासाठी मुलांजवळ जाऊच देणार नाही. तिथे तीच मावशी, तीच आमा रोज असते, आणि पाहुण्याला ऑफिसात बसवून चहा देतात. म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता एकच प्रश्न विचारायला सांगते, मुलांना भेटता येईल का? लगेच हो म्हणाले तर जाऊ नका. पैसे द्यायचेच असतील तर मुलांना घरी परत पोचवणाऱ्या, गावातली शाळा टिकवणाऱ्या कामाला द्या, आणि तुमची मुलगी खरंच शिकवायला जाणार असेल तर तिने तिथल्या शिक्षकांना काहीतरी द्यावं, मुलांच्या गळ्यात पडून परत येऊ नये. तसा फोटो मिळत नाही हे मला कळतं. तरीही.

परत आल्यावर महिन्याभरात आमच्या गावातली एक बाई शाळेत आली. नवरा वारलेला, ती द्राक्षबागेत रोजाने जाते, दोन मुलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की पुण्याकडे एक संस्था आहे, मुलं देऊन टाक, जेवणखाण-शिक्षण सगळं फुकट. आधी मीच तिला चौकशी करून दिली असती. ह्या वेळी मी तिला बालसंगोपन योजनेचं सांगितलं, मूल घरीच राहतं आणि सरकार महिन्याला पैसे देतं, तेव्हा ४२५ रुपये होते, आता २२५० झालेत. ४२५मध्ये काय होतं असं ती म्हणाली, आणि खरंच फार काही होत नव्हतं, पण दोघांच्या वह्या-दप्तराचं आणि किराण्यातलं थोडंसं भागणार होतं. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, बोनाफाईड, पासबुक, तीन फेऱ्या झाल्या. मग एका दुपारी बालकल्याण समितीसमोर बसलो. समितीतल्या मॅडमनी धाकट्याला प्रेमाने हाक मारली, ये माझ्याकडे, चॉकलेट देते. तो काही आईच्या मांडीवरून उतरला नाही. पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्यातून एका डोळ्याने बघत बसला.